विलायतेतले शनिवार-रविवार

परदेशात शिकायला गेलेल्या मुलामुलींचे सोमवार ते शुक्रवार विद्यापीठ सांभाळते. वर्ग असतात, ग्रंथालय असते, मार्गदर्शकांची वेळ ठरलेली असते. शनिवार-रविवार मात्र त्यांना स्वतःच सांभाळावे लागतात, आणि घरापासून दूर असलेल्या मुलाचे मन खचते ते बहुधा याच दोन दिवसांत. आजकाल आपल्या लहान गावांतूनही मुले इंग्लंडला जाऊ लागली आहेत. कुणी कर्ज काढून, कुणी शिष्यवृत्तीवर, कुणी शेताचा तुकडा विकून. जाताना आपण त्यांना लोणचे देतो, कुरआन शरीफ देतो, थंडीचे कपडे देतो. पण सुट्टीचे दिवस कसे घालवायचे, हे सहसा कोणी सांगत नाही.

माझी भाची गेल्या वर्षी लंडनला एम.ए. करायला गेली. मी स्वतः विलायत पाहिलेली नाही. मी दुसरबीडची, मेहकर-जालना रस्त्यावरच्या गावातली शिक्षिका. पण सहल आखणे हे शिक्षकाच्या अंगवळणी पडलेले काम आहे. लोणारचे सरोवर, सिंदखेडराजाचा वाडा, अजिंठ्याची लेणी अशा सहली आम्ही दरवर्षी आखतो. एस.टी.ची सवलत, डबे, नमाजाची वेळ, अंधार पडायच्या आत परत येणे, हा सगळा हिशेब मांडायची सवय आहे. तोच हिशेब मी भाचीसाठी दुसरबीडला बसून मांडला. या वर्षात जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवते. कुणाच्या घरातले लेकरू तिकडे असेल तर उपयोगी पडेल.

‘शिकायला पाठवले की फिरायला?’

हा प्रश्न आमच्या दुलाभाईंचा, म्हणजे भाचीच्या अब्बांचा. प्रश्न रास्तच होता. एक पौंड म्हणजे शंभरावर रुपये. शिवाय विद्यार्थ्याच्या व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येते, आणि बहुतेक मुले ते शनिवार-रविवारीच करतात. एप्रिल २०२५ मध्ये तिथे २१ व त्यावरील वयाच्या कामगाराचे किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झाले होते. म्हणजे त्या दराने आठ तासांची एक पाळी सोडली की जवळपास ९८ पौंडांवर पाणी. तिकिटाचा खर्च वेगळाच.

दुसरी बाजूही होती. पहिले दोन महिने भाची पाच दिवस वर्ग आणि दोन दिवस काम असे राहिली. रविवारी फोनवर तिचा आवाज दर खेपेला थोडा उतरलेला असे. ‘काय खाल्ले’ विचारले तर ‘काहीतरी खाल्ले’ म्हणायची. ‘कोणाशी बोललीस’ विचारले तर गप्प व्हायची. माझी बहीण फोन ठेवून जानमाजवर जाऊन बसायची.

मेहरमचा प्रश्नही घरात निघालाच. आमच्या घरी असे ठरले की एकटीने जायचे नाही, वसतिगृहातल्या तीन-चार मुलींसोबत जायचे, रात्रीचा मुक्काम करायचा नाही आणि निघताना व पोहोचल्यावर अम्मीला निरोप द्यायचा. यात मतभेद आहेत, म्हणून ज्यांनी त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे. खर्चाचे असे ठरले की महिन्यातून एकच सहल आणि त्या महिन्यात एकच पाळी कमी. दुलाभाई ‘बरं’ म्हणाले, पण त्या ‘बरं’मध्ये फारसा दम नव्हता.

आधी घड्याळ, मग नकाशा

इंग्लंडमध्ये सहल आखताना पहिला विचार दिवसाच्या लांबीचा करावा लागतो. डिसेंबरमध्ये लंडनला सूर्य दुपारी चारच्या आतच मावळतो. जोहर बाराच्या सुमारास, हनफी वेळेप्रमाणे असर दोननंतर लगेच आणि चारच्या आत मगरिब. एवढ्या छोट्या दिवसात दोनच ठिकाणे होतात, तिसरे धरू नये. जूनमध्ये याच्या उलट. मगरिब रात्री सव्वानऊनंतर आणि इशा त्याच्याही पुढे बरीच उशिरा. म्हणून दूरची ठिकाणे मे-जूनसाठी राखून ठेवावीत आणि जवळची हिवाळ्यात उरकावीत. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथले घड्याळ एक तास पुढे जाते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे येते. त्या दिवशी गाडी आणि नमाज दोन्हींच्या वेळा पुन्हा तपासायच्या. आपल्या आणि त्यांच्या वेळेतला फरकही साडेपाच तासांचा साडेचार होतो, हे घरच्यांनीही ध्यानात ठेवावे.

प्रवासात कसर करायची की पूर्ण नमाज पढायची, हा प्रश्न लगेच येतो. हनफी मसलकाप्रमाणे ४८ मैल, म्हणजे साधारण ७७ किलोमीटर ही हद्द धरली जाते आणि अंतर शहराच्या वेशीपासून मोजतात. वोकिंग त्या हद्दीच्या आत पडते, तर लिव्हरपूल उघडच बाहेर. ब्रायटन आणि केंब्रिज हद्दीच्या अगदी काठावर आहेत, त्यामुळे तिथल्या इमामांना विचारून ठरवावे. कोकणातील शाफई वाचकांना प्रवासात दोन नमाजा एकत्र करण्याची सवलत आहे, त्यांचे हिवाळ्यातले वेळापत्रक थोडे सोपे होते.

आता भाड्याचे. सोळा ते पंचवीस वयाच्या मुलांना रेल्वेचे एक कार्ड मिळते, त्यावर भाड्यात एक तृतीयांश सूट असते. वय त्याहून जास्त असले तरी पूर्णवेळ विद्यार्थ्याला ते मिळू शकते. तीन ते नऊ जण मिळून गेले तर गर्दीची वेळ टाळून गटाची सूटही मिळते, पण दोन्ही सवलती एकाच तिकिटावर चालत नाहीत. लांबच्या गाड्यांची आगाऊ तिकिटे बरीच स्वस्त पडतात, मात्र ती ज्या गाडीची त्याच गाडीला चालतात. गाडी चुकली की तिकीट गेले. रविवारी अनेक मार्गांवर रुळांचे काम निघते आणि रेल्वेऐवजी बस सोडतात, एक तासाचे अंतर दोन तासांवर जाते. म्हणून शक्यतो शनिवारच गाठावा आणि रविवार धुणे, स्वयंपाक आणि अभ्यासासाठी ठेवावा. खिशात पैसे अगदीच कमी असतील तर लंडनच्या व्हिक्टोरिया बसस्थानकावरून दूरवरच्या बस सुटतात. त्या वेळ घेतात, पण स्वस्त पडतात.

खाण्याबाबत एकच इशारा. मासळी आणि बटाट्याचे काप तिकडे सगळीकडे मिळतात आणि मासळी म्हणजे आपल्याला चालते असे मुले समजतात. पण काही दुकाने, विशेषतः उत्तरेकडच्या यॉर्कशायर भागातली, ती गायी-बैलांच्या चरबीत तळतात. विचारल्याशिवाय घेऊ नये. घरून पराठा-अंडे बांधून नेले की निम्मा खर्च आणि सगळी शंका मिटते.

पहिला शनिवार : वोकिंग आणि ब्रूकवूड

लंडनच्या वॉटर्लू स्थानकावरून अर्ध्या तासात गाडी वोकिंगला पोहोचते. तिथे इंग्लंडमधली पहिली, खास मशीद म्हणूनच बांधलेली इमारत उभी आहे. साल १८८९. ती उभारली डॉ. गॉटलीब विल्हेल्म लाइटनर यांनी. हे विद्वान लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजचे पहिले प्राचार्य होते आणि वोकिंगला त्यांनी पौर्वात्य विद्येची संस्था काढली होती. मशिदीसाठी मोठी रक्कम दिली भोपाळच्या नवाब शाहजहाँ बेगम यांनी. म्हणून तिचे नाव शाहजहाँ मशीद. आकाराने लहान, पांढऱ्या भिंती, वर घुमट. एका हिंदुस्थानी बाईच्या पैशातून इंग्लंडच्या मातीत मशीद उभी राहिली, ही गोष्ट मी आमच्या वर्गातल्या मुलींना सांगितली तेव्हा एकीने विचारले, ‘‘बाजी, बेगमसाहिबा बघायला गेल्या होत्या का?’’ त्या गेल्या नव्हत्या. १९०१ मध्ये भोपाळलाच त्यांचे निधन झाले.

मशिदीपासून चालत जाण्याच्या अंतरावर हॉर्सेल कॉमनचे माळरान आहे. तिथे कमानीचे दार आणि घुमटी असलेली विटांची चौकोनी भिंत दिसते. पहिल्या महायुद्धात जखमी होऊन इंग्लंडमध्ये मरण पावलेल्या हिंदुस्थानी मुस्लिम शिपायांसाठी बांधलेले हे कबरस्तान आहे. मुस्लिम शिपायांचे दफन त्यांच्या रीतीने होत नाही असा प्रचार जर्मनी करत होती, त्यामुळेही सरकारने हे काम हाती घेतले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इथल्या कबरी ब्रूकवूडला हलवण्यात आल्या. रिकाम्या जागेत २०१५ मध्ये शांततेची बाग झाली आणि प्रत्येक शिपायासाठी एक अशी हिमालयातल्या भूर्जाची २७ झाडे लावण्यात आली.

ब्रूकवूड म्हणजे त्याच मार्गावर थोडे पुढचे स्थानक. १८५४ मध्ये लंडनसाठी तिथे प्रचंड मोठे कबरस्तान सुरू झाले. लंडनहून मयत नेण्यासाठी एके काळी खास रेल्वे धावत असे. त्यातल्या मुस्लिम भागात कुरआनचे दोन इंग्रजी अनुवादक विसावले आहेत. एक मार्मड्यूक पिकथॉल. हे इंग्रज गृहस्थ मुसलमान झाले, १९२० पासून काही वर्षे मुंबईच्या ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक होते आणि नंतर हैदराबादला निजामाच्या सेवेत राहिले. त्यांचा अनुवाद १९३० मध्ये निघाला.

दुसरे अब्दुल्ला युसूफ अली. त्यांचे नाव आपल्या घराघरांत आहे. जन्म १८७२ चा, शिक्षण मुंबईच्या विल्सन कॉलेजात. तिथून शिष्यवृत्तीवर केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजला गेले, आय.सी.एस. झाले आणि पुढे कुरआनचा तो प्रसिद्ध इंग्रजी अनुवाद व भाष्य लिहिले. म्हणजे आपल्याच मुंबईहून विलायतेला शिकायला गेलेला हा मुलगा. त्याचा शेवट फार वेगळा झाला. म्हातारपणी कुटुंबाशी नाते तुटले आणि लंडनच्या रस्त्यांवर एकट्याने भटकणे नशिबी आले. डिसेंबर १९५३ मध्ये कडाक्याच्या थंडीत ते वेस्टमिन्स्टर भागात रस्त्यावर विपन्नावस्थेत आढळले आणि दुसऱ्या दिवशी, १० डिसेंबरला, रुग्णालयात त्यांनी प्राण सोडला.

भाची नोव्हेंबरच्या एका शनिवारी तिथे गेली. बारावीत असताना तिने त्यांचाच अनुवाद वाचला होता, तो अजून त्यांच्या घरी आहे. कबरीजवळ चौघींनी फातेहा पढला. सोबतची केरळची मुलगी म्हणाली, या माणसाला शेवटी एक कप चहा विचारणारेसुद्धा कोणी भेटले नसेल का? त्या दिवशी चौघींनी आपसांत ठरवले की रविवारी रात्री जेवण एकत्रच करायचे, कोणी खोलीत एकटे जेवायचे नाही.

त्या रविवारी फोनवर भाची पाऊण तास बोलली. दुलाभाई ऐकत होते. शेवटी त्यांनी फोन हातात घेतला आणि विचारले, ‘‘बेटा, पुढच्या महिन्यात कुठे?’’

ब्रायटन : राजवाड्यातला दवाखाना

वोकिंगची गोष्ट पुरी व्हायची तर ब्रायटनला जावे लागते. व्हिक्टोरिया स्थानकावरून साधारण तासाभराचा प्रवास. समुद्रकाठच्या या गावात रॉयल पॅव्हेलियन नावाचा घुमटामिनारांचा राजवाडा आहे. बाहेरून पाहिला तर तो आपल्याकडचाच वाटतो. डिसेंबर १९१४ मध्ये इथे हिंदुस्थानी जखमी शिपायांचा दवाखाना उघडला. धर्म व जातीप्रमाणे स्वतंत्र स्वयंपाकघरे, मुसलमान आणि हिंदूंसाठी पाण्याचे वेगळे नळ, नमाजासाठी हिरवळीवर जागा, असा बंदोबस्त होता. सरकारने त्याची छायाचित्रे हिंदुस्थानात मुद्दाम फिरवली, कारण भरतीही चालू ठेवायची होती. इथे जे मुसलमान शिपाई दगावले त्यांना वोकिंगला नेले, तर हिंदू आणि शीख शिपायांवर गावाबाहेरच्या टेकड्यांवर अग्निसंस्कार झाले. तिथे १९२१ मध्ये पांढऱ्या संगमरवराची छत्री उभारण्यात आली. त्याच वर्षी हिंदुस्थानच्या लोकांनी राजवाड्याला दगडी दरवाजा भेट दिला. तो आजही उभा आहे आणि रस्त्यावरून फुकट पाहता येतो. राजवाड्यात आत जायला मात्र तिकीट आहे.

याच गावात शेख दीन मुहम्मद यांची कबर सेंट निकोलस चर्चच्या आवारात आहे. जन्म १७५९, पाटणा. १८१० मध्ये त्यांनी लंडनला हिंदुस्थानी जेवणाचे पहिले उपाहारगृह काढले, ते चालले नाही. मग ब्रायटनला चंपीचे हमामखाने काढून त्यांनी राजघराण्यातली गिऱ्हाइके मिळवली. आज डोके धुवायच्या बाटलीवर जो ‘शॅम्पू’ शब्द असतो तो आपल्या ‘चंपी’ या शब्दाचाच गोत्रज. हा तपशील ऐकून आमच्या शाळेतल्या मुली दोन दिवस हसत होत्या.

केंब्रिज आणि जंजिऱ्याची अतिया

उन्हाळ्यासाठी मी केंब्रिज राखून ठेवले होते. लंडनच्या किंग्ज क्रॉसहून तासाभराच्या आत पोहोचता येते. तिथे ट्रिनिटी कॉलेज आहे, जिथे १९०५ मध्ये अल्लामा इक्बाल शिकायला आले. सेंट जॉन्स तर युसूफ अलींचे कॉलेज, शेजारीच. मिल रोडवर २०१९ मध्ये नवी मशीद झाली आहे. तिचे लाकडी खांब वर जाऊन झाडांच्या फांद्यांसारखे एकमेकांत गुंफले आहेत. जोहरची वेळ तिथे धरावी, वुजूची आणि स्त्रियांची सोय उत्तम आहे.

पण केंब्रिज मी निवडले ते आणखी एका नावासाठी. अतिया फैजी. मुंबईच्या तय्यबजी घराण्यातल्या. त्यांच्या बहीण नाझली बेगम आपल्या मुरुड-जंजिऱ्याच्या नवाबांच्या बेगम होत्या. १९०६ मध्ये अतियाबी सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला गेल्या, त्या शिक्षिका होण्याचे शिक्षण घ्यायला. आजच्या भाषेत बी.एड.च म्हणा ना. त्यांचे मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेज वायव्य लंडनमध्ये सॉल्सबरी रोडवर होते. १९८३ मध्ये गायक युसूफ इस्लाम यांनी सुरू केलेली इस्लामिया शाळा पुढे याच रस्त्यावर आली. १९०७ च्या एप्रिलमध्ये अतियाबींनी केंब्रिज पाहिले आणि तेव्हा इक्बालही सोबत होते. अभ्यासक्रम पुरा न करताच त्याच वर्षी त्या परतल्या.

पदवी हाती आली नाही, पण एक गोष्ट उरली. लंडनमध्ये त्या रोज काय पाहिले, कोणाला भेटल्या, हे उर्दूत लिहून घरी धाडत. तो मजकूर लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वाँ’ या स्त्रियांच्या पत्रिकेत छापून येई. ही पत्रिका सय्यद मुमताज अली आणि त्यांच्या पत्नी मुहम्मदी बेगम यांनी १८९८ मध्ये सुरू केली होती. पडद्यात राहणाऱ्या, घराचा उंबरठाही क्वचित ओलांडणाऱ्या हजारो मैलांवरच्या बायका तो मजकूर वाचत. पुढे १९२१ च्या सुमारास त्याचे ‘जमाना-ए-तहसील’ नावाचे पुस्तक झाले. एकीने सफर केली आणि कितीतरी जणींनी ती घरबसल्या पाहिली.

भाचीला मी हे सांगितले आणि एक काम दिले. प्रत्येक सहलीनंतर एक पान लिहायचे, उर्दूत किंवा मराठीत, आणि त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकायचा. नुसते फोटो चालणार नाहीत. कोणत्या गाडीने गेलो, किती पौंड लागले, नमाज कुठे पढली, कोण भेटले, काय समजले नाही, हे सगळे लिहायचे. आतापर्यंत आठ पाने आली आहेत. माझी बहीण ती शेजारणींना वाचून दाखवते. त्यातल्या एकीची मुलगी यंदा दहावीला आहे आणि ती आता ‘शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे मिळतो’ असे विचारते. वोकिंगचे पान मी सातवीच्या वर्गात वाचले आणि मुलींनी नकाशात लंडन शोधले.

ज्यांना कुठेच जाता येत नाही

कित्येक मुलांना महिन्यातली एक पाळीही सोडणे परवडत नाही. त्यांच्यासाठी शहरातल्या शहरात पाहण्यासारखे पुष्कळ आहे आणि लंडनची मोठी राष्ट्रीय संग्रहालये कायमच्या दालनांसाठी तिकीट घेत नाहीत. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात टिपू सुलतानचा तो लाकडी वाघ आहे, इंग्रज शिपायाच्या छातीवर बसलेला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर तो नेला गेला. प्रिमरोझ हिलजवळ १०, किंग हेन्रीज रोड हे घर आहे. १९२१-२२ च्या सुमारास डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे राहून शिकत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले आणि आता तिथे स्मारक आहे. अर्धपोटी राहून ग्रंथालयात दिवस काढणारा विद्यार्थी कसा असतो हे त्या घरी कळते. आपल्या मुलामुलींनी तिथे जरूर जावे.

आईबापांना एक विनंती. मूल फोनवर ‘आज इथे गेलो होतो’ म्हणाले की पहिला प्रश्न ‘किती खर्च झाला’ असा विचारू नका. तो विचारला की पुढच्या वेळी मूल गेले तरी सांगणार नाही, किंवा जाणारच नाही. खर्चाची मर्यादा आधीच ठरवा, ती ठरली की मग फक्त ऐका. आमच्या दुलाभाईंनी आता जालन्याच्या दुकानातून इंग्लंडचा मोठा नकाशा आणून भिंतीवर लावला आहे. जिथे भाची जाऊन आली तिथे ते पेन्सिलीने टिंब देतात. पुढच्या महिन्याचे टिंब लिव्हरपूलचे आहे. १८८९ मध्ये अब्दुल्ला क्विलियम या इंग्रज वकिलाने ब्रॉगहॅम टेरेसमधल्या एका घरात मशीद उघडली होती, ती पाहायला चौघी जाणार आहेत. सकाळची पहिली गाडी, संध्याकाळची परतीची, मुक्काम नाही. आगाऊ तिकिटे काढून झाली आहेत. दुलाभाई मात्र रोज विचारतात, त्या शनिवारी तिकडे पाऊस तर नाही ना.